राजीखुशीनं लिहून दिलं

दसरा जवळ आला की येरमाळ्याच्या पंचक्रोशीत कागद व्हायला लागतात. कळंब, वाशी, भूम या तालुक्यांत त्या दिवसांत घरोघरी एकच विचारपूस चालते: उचल मिळाली का, कोयता कितीला ठरला, कागद झाला का. उचल म्हणजे ऊसतोडणीला जाण्याआधी मिळणारी आगाऊ रक्कम, आणि कागद म्हणजे स्टँपपेपर. पूर्वी शंभराचा, आता पाचशेचा. मजकूर बहुतेक ठिकाणी एकाच साच्याचा. लिहून घेणार अमुक, लिहून देणार तमुक. रक्कम आकड्यांत आणि अक्षरी. कारण, घरगुती अडचण. पुष्कळदा त्यात ऊस हा शब्द नसतो, कारखाना नसतो, तोडणी नसते. रक्कम हातउसनी घेतली, एवढंच असतं. आणि शेवटी, अंगठ्याच्या ठशाच्या वर, ते वाक्य येतं: हा कागद मी माझ्या राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं, कसलीही नशापाणी न करता, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून दिला असे.

हे पुस्तक त्या एका वाक्याविषयी आहे. सक्ती म्हणजे काय, ती कुठे सुरू होते आणि कशावरून ओळखायची, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी आणि कायदेपंडितांनी खूप चर्चिला आहे. मला तो या कागदावर भेटला. ज्या माणसाला रात्री दोनला थंडीत उठून उसाच्या मोळ्या गाडीत भरायच्या आहेत, ज्याच्या बायकोला बाळंतपणानंतर काही दिवसांतच फडात उभं राहायचं आहे, आणि ज्याला हे सगळं सही करण्याआधीपासून ठाऊक आहे, तो माणूस 'राजीखुशीनं' लिहून देतो. खोटं कोण बोलतं आहे? कागद, की आपली सक्तीची कल्पना?

आपली कल्पना आपल्या शब्दांतून आलेली असते, म्हणून आधी शब्दांकडे पाहू. मराठीत या अर्थाच्या शब्दांना तोटा नाही. जबरदस्ती फारसीतून आली. जबर म्हणजे वर आणि दस्त म्हणजे हात. ज्याचा हात वर, त्याचा अंमल. सक्तीही फारसीच; सख्त म्हणजे कठीण, टणक. बळजबरी या शब्दात संस्कृत बळ आणि अरबी जब्र शेजारी बसले. जुलूम अरबी, आणि त्याच्या मुळाशी अन्याय आहे. सगळ्यांत जुना शब्द वेठ, संस्कृत विष्टीपासून आलेला. त्याला फारसी बिगार चिकटून वेठबिगार झाला. दोन भाषांतले एकाच अर्थाचे शब्द एकमेकांना जोडावे लागले, यावरून ते काम किती राज्यकर्त्यांनी करून घेतलं असेल याचा अंदाज येतो.

या शब्दांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकात कुणीतरी समोर उभा आहे. जबरदस्तीत त्याचा हात दिसतो, बळजबरीत त्याचं बळ, वेठीत त्याचा निरोप्या. पण तोडणीला जाणाऱ्या बाईला विचारा, की का जाता? ती यातला एकही शब्द वापरणार नाही. ती म्हणेल, 'जावं लागतंय.' किंवा, 'काय करावं, जाणं भाग हाय.' किंवा नुसतं, 'नाइलाज.' या वाक्यांत लावणारा कुणी नाही. मराठीचं व्याकरणच असं आहे, की 'मला जावं लागलं' म्हणताना ज्याला लागलं तो दिसतो, ज्यानं लावलं तो दिसत नाही. पाऊस पडावा तशी सक्ती पडते. आणि जी वरून पडते तिच्याबद्दल तक्रार कुणाकडे करायची?

इंग्रजीतल्या 'कोअर्शन' या शब्दाचं मूळ शोधताना मला इथे उपयोगी पडणारं काहीतरी सापडलं. आपल्या कायद्याच्या पुस्तकांत हा शब्द १८७२ पासून बसला आहे. तो लॅटिन 'कोअर्केरे'वरून आला; आर्केरे म्हणजे अडवून ठेवणं, आवरून धरणं, कोंडणं. पेटी या अर्थाचा 'आर्का' हा लॅटिन शब्दही त्याच घराण्यातला. म्हणजे या शब्दाच्या बुडाशी मार नाही, धाक नाही, वरचा हातही नाही. तिथे कुंपण आहे. त्याला जवळचा मराठी शब्द जबरदस्ती नसून कोंडी आहे, आणि तो आपण रोज वापरतो. कोंडी झालेल्या माणसाला कुणी हात लावलेला नसतो. त्याला फक्त बाहेर पडता येत नाही.

मार म्हणून पाहिलेली सक्ती आणि कोंडी म्हणून पाहिलेली सक्ती या दोन वेगळ्या दिसतात. पहिली पाहायला पुरावा म्हणून वळ लागतात. दुसरी पाहायला दार कुठे आहे आणि त्याची कडी कुणाच्या हातात आहे, हे विचारावं लागतं. पुढच्या सगळ्या प्रकरणांत मी हेच विचारत गेलो आहे.

वेठीचा इतिहास आपल्याकडे दगडावर आणि तांब्यावर कोरलेला आहे. सन १५० च्या सुमारास रुद्रदामन या राजानं गिरनारच्या पायथ्याचा फुटलेला सुदर्शन तलाव पुन्हा बांधला आणि तिथल्या खडकावर लेख कोरून घेतला. हे काम आपण प्रजेला कर, विष्टी आणि 'प्रणय' नावाच्या वसुलीचा त्रास न देता, स्वतःच्या खजिन्यातून केलं, असं तो त्यात सांगतो. राजाला ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटली, यातच त्या काळची रीत कळते. विदर्भातल्या वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेलं गाव सर्व विष्टीतून मुक्त केल्याचा उल्लेख येतो. ती सूट दानाच्या गावाला होती. ज्या गावांना ताम्रपट मिळाला नाही, त्यांच्याबद्दल तांबं काही बोलत नाही.

वेठ पुढे सरकारी कामाच्या रूपात टिकली. मुंबई प्रांतातल्या महार वतनावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये कायदेमंडळात दुरुस्तीचं विधेयक आणलं, तेव्हा त्यांनी दाखवलेली गोष्ट हीच होती. वतन म्हणजे कागदोपत्री हक्क होता, मान होता, जमिनीचा तुकडा होता. त्या तुकड्याच्या आणि बलुत्याच्या बदल्यात वतनदार महाराला दिवसाचे चोवीस तास हाकेला हजर राहावं लागे, आणि तो सापडला नाही तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी जावं लागे. ती वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला. हक्काचा कागद दावं होऊ शकतो, हे मराठी मुलुखाला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नव्हती.

पण येरमाळ्याच्या कागदाशी सगळ्यांत जवळचं नातं मला त्या काळच्या ठाणे जिल्ह्यातल्या लग्नगड्याचं वाटतं. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे ही माणसं मराठी वाचकाला ठाऊक झाली. वारली आदिवासी तरुणाला लग्नासाठी पैसे हवेत, ते जमीनदार देणार, आणि त्याबदल्यात तो जमीनदाराकडे राबणार. लग्न झाल्यावर त्याची बायकोही. कर्ज फिटलं की नाही याचा हिशेब जमीनदाराच्या वहीत, आणि वही वाचता येणारा तिथे तोच एक. १९४५ च्या मे महिन्यात झरी इथल्या परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यांच्यातला जेठ्या गांगड त्यात मारला गेला.

लग्नगडी आणि कोयता यांच्यात मोठा फरक आहे, तो मी पुसणार नाही. लग्नगडी जमीनदाराच्या मालकीचा असल्यासारखा वागवला जाई. तोडकरी उन्हाळ्यात आपल्या घरी परततो, मतदान करतो, पुढच्या वर्षी दुसरा मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, धरतो. पण हिशेबाची रचना ओळखीची वाटते. कोयता म्हणजे एक माणूस नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्याला अर्ध्या कोयत्याची उचल. त्यामुळे मुलगा कामाला लागण्याजोगा झाला की लग्नाची घाई होते, मुलीचं तर शाळेतून काढून उरकतात. लग्नाचा खर्च भागतो उचलीतून, आणि उचल फेडायला ते नवं जोडपं फडात उतरतं. कागदावर अंगठा मात्र एकाचाच असतो. बायकोची राजीखुशी विचारण्याची जागा त्या साच्यात नाही.

हिशेब एकदा नीट मांडून बघावा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ रुपये झाले. ही वाढ संप आणि वाटाघाटी करून मिळवलेली आहे, तिला कमी लेखू नये. आता समजा, एका कोयत्यानं एक लाखाची उचल घेतली. ती फिटायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन धरले तर १३७ दिवस होतात. गाळप हंगाम साधारण पाच महिन्यांचा. म्हणजे एकही खाडा न पडता, बैल न बसता, अंग न दुखता, कारखान्याची गव्हाण बंद न पडता सगळं जमून आलं, तर हंगामाच्या शेवटी उचल जेमतेम फिटते. पण माणूस पाच महिने जेवतो. त्यासाठी मुकादमाकडून आठवड्याला खर्ची घ्यावी लागते, ती बाकीत चढते. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून चार पैसे येतात, ते दवाखान्यात जातात. खाडा पडला की दंड, बऱ्याच ठिकाणी दिवसाला पाचशे रुपये. म्हणजे दीड टनाच्या आसपासची तोडणी नुसत्या गैरहजेरीत गेली. हंगाम संपून पट्टा पडतो, मुकादम वही काढतो आणि म्हणतो, बाकी फिरली. ती बाकी पुढच्या दसऱ्याच्या कागदात पहिल्या ओळीत येते.

सक्तीचा हात दिसणं आणि न दिसणं यातला फरक कळावा म्हणून या ठिकाणी मला दोन शस्त्रक्रियांबद्दल लिहायचं आहे. या पुस्तकाचा जीव तिथे आहे.

येरमाळ्याहून बार्शी फार लांब नाही, मधे फक्त जिल्ह्याची हद्द. १९७६ च्या जानेवारीत, आणीबाणीत, बार्शीत नसबंदीची मोहीम झाली. बाजाराला, कामाला शहरात आलेल्या खेड्यांतल्या पुरुषांना धरून, गाडीत घालून नेलं आणि त्यांच्या शस्त्रक्रिया केल्या. त्या काळच्या सक्तीचा अभ्यास करणाऱ्यांच्या लिखाणात बार्शीचं नाव कायमचं नोंदलं गेलं आहे. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर केलं. असं करणारं देशातलं हे एकच राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून त्याचा कायदा झाला नाही. बार्शीत जे झालं त्याला लोकांनी लगेच नाव दिलं: जबरदस्ती. धरणारे हात दिसत होते, गाडी दिसत होती. १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी त्याचा हिशेब केला.

दुसरी गोष्ट २०१९ ची. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांमध्ये गर्भाशय काढलेल्यांचं प्रमाण फार मोठं असल्याच्या बातम्या आल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. यांतल्या कुणालाही रस्त्यावरून धरून नेलं नव्हतं. त्या आपल्या पायांनी दवाखान्यात गेल्या, पुष्कळजणींनी त्यासाठी कर्ज काढलं, आणि दवाखान्याच्या कागदावरही संमतीची ओळ असतेच. का गेल्या? पाळीच्या दिवसांत फडात आडोसा नाही, पाणी नाही, राहायच्या कोपीत न्हाणीघर नाही. वारंवार जंतुसंसर्ग होतो, पोट दुखतं, आणि डॉक्टरकडे गेलं की तो दिवस खाड्यात जातो. खाड्याचा दंड दोघांच्या उचलीवर चढतो. अशा वेळी कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल, नाहीतर कॅन्सर होईल. तिशी-पस्तिशीतली बाई हिशेब करते आणि हो म्हणते.

बार्शीतला पुरुष आणि ही बाई, या दोघांपैकी कुणावर सक्ती झाली? 'दोघांवर' हे उत्तर मनात लगेच येतं, आणि ते मला बरोबर वाटतं. पण ते सिद्ध करायला गेलं की पहिल्यासाठी आपल्याकडे शब्द आहे, साक्षीदार आहेत. दुसरीसाठी फक्त 'करावं लागलं' आहे. ज्या शब्दांत हात नाही त्या शब्दांना आरोपी सापडत नाही.

कायद्यानं या अडचणीशी कसा सामना केला, ते पाहण्यासारखं आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचं कलम १५ सक्तीची व्याख्या करतं. दंडसंहितेनं मना केलेलं कृत्य करणं किंवा करण्याची धमकी देणं, किंवा कुणाची मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणं किंवा तशी धमकी देणं, आणि तेही समोरच्याला करारात ओढण्याच्या हेतूनं. असा करार ज्याच्यावर सक्ती झाली त्याला रद्द करून घेता येतो. व्याख्या कडक आहे, पण न्यायालयांनी तिच्यात माणसाची खरी कोंडी बसवण्याचा प्रयत्न केला. मद्रास उच्च न्यायालयाचा १८८९ चा एक निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. तेरा वर्षांच्या एका विधवेनं मुलगा दत्तक घ्यावा म्हणून नातलगांनी तिच्या नवऱ्याचं प्रेत घरातून हलू दिलं नव्हतं. दत्तक घेते म्हणाल्यावरच अंत्यसंस्कार झाले. न्यायालयानं ते दत्तक तिच्यावर बंधनकारक धरलं नाही. त्या घरात तिला कुणी मारलं असेल-नसेल. दार मात्र अडवलेलं होतं.

पण उचलीचा कागद करताना मुकादम दंडसंहितेतलं काही करत नाही. तो पैसे देतो, तेही बँक देत नाही तेव्हा, तारणाशिवाय, दिवाळीच्या तोंडावर. कलम १५ च्या चौकटीत हे येत नाही. पुढचं कलम १६ दबावाचा गैरवापर ओळखतं, पण ते सिद्ध करायला दिवाणी न्यायालयात जावं लागतं, आणि तोडकरी त्या दिवसांत कोल्हापूरच्या नाहीतर बेळगावच्या फडात असतो.

या कोंडीला सर्वांत नेमका भिडलेला कायदा म्हणजे १९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा. त्याआधी ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला होता. म्हणजे ज्या काळात बार्शीच्या रस्त्यावर माणसं धरली जात होती, त्याच काळात देशातल्या वेठबिगारांना मुक्त करणारा कायदा आला. हे दोन्ही एकाच सरकारनं केलं, आणि दोन्ही खरं आहे. त्या कायद्यात वेठबिगारीच्या देशभरच्या नावांची यादीच आहे. तेलंगणातली वेट्टी तिथे आहे. आपल्या वेठीची ती सख्खी बहीण. भागेलाही आहे, ज्याच्या करारांवर निजामाच्या राज्यात १९४३ मध्येच नियम झाले होते. येरमाळा त्या राज्यात होता. कायद्याची व्याख्या लक्ष देऊन वाचण्याजोगी आहे. आगाऊ रकमेच्या बदल्यात फुकट किंवा नाममात्र मजुरीवर राबणं तिच्यात येतंच, पण त्याबरोबर दुसरीकडे काम धरण्याचं स्वातंत्र्य गमावणं आणि हवं तिथे जाण्याचं स्वातंत्र्य गमावणं हेही येतं. म्हणजे हा कायदा अंगठा कसा उठला हे विचारत बसत नाही. तो विचारतो, तुला निघून जाता येतं का? आणि कर्ज बंधनाचं आहे असा दावा झाला, तर ते तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी तो सावकारावर टाकतो.

१९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेलं. दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामांवरच्या मजुरांचं प्रकरण होतं. न्यायमूर्ती भगवतींनी घटनेच्या २३ व्या कलमातल्या सक्तीचा अर्थ लावताना सांगितलं, की मार आणि कायद्याचा धाक एवढीच सक्ती नव्हे. भूक आणि गरिबी माणसापुढे दुसरा मार्ग ठेवत नाही आणि तो किमान वेतनाहून कमी पैशांत राबतो, तर तेही सक्तीचं श्रम. भारतीय कायद्यात 'जावं लागतंय' हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं गेलं ते या निकालात, असं मी मानतो.

तरीही सगळा भार भुकेवर टाकायला माझं मन घेत नाही. भूक हे कारण खरं आहे, पण ते इतकं मोठं आहे की त्यात प्रत्येक जण निसटतो. भुकेला पत्ता नसतो. दाराला असतो. म्हणून सक्ती ओळखायची तर माणूस कामावर कसा आला यापेक्षा त्याला काम सोडून कसं जाता येतं, हे आधी तपासावं असं माझं मत झालं आहे. आजारी पडल्यावर टोळीतून घरी जाता येतं का? गेलं तर बैल, भांडी, नाहीतर घरातलं दुसरं माणूस मागे अडकवून ठेवतात का? बाकी किती आहे हे वहीत बघता येतं का? या प्रश्नांची उत्तरं देणारं माणूस सापडतं, नावानिशी सापडतं.

आणि ते माणूस नेहमी मुकादमच असतं असं नाही. ही साखळी लांब आहे. कारखाना वाहतूकदाराला पैसे देतो, वाहतूकदार मुकादमाला, मुकादम कोयत्याला, आणि प्रत्येक सांध्यावर एक स्टँपपेपर असतो. मुकादम बहुधा त्याच गावचा, कालपर्यंत कोयता धरणारा. उचल घेऊन टोळी आलीच नाही, किंवा अर्ध्यात पळाली, तर वाहतूकदार त्याची जमीन धरतो, प्रसंगी त्याला उचलून नेतो. टोळ्यांनी लाखोंनी बुडवलेले मुकादम या भागात आहेत आणि त्यांचं दुःख खरं आहे. साखळीच्या वरच्या टोकाला मात्र तोडकऱ्याच्या नावाचा कागदच नाही. तिथे तोडकरी कारखान्याचा कामगार म्हणून नोंदलेलाच नसतो. सगळ्यांत जास्त फायदा जिथे, तिथे राजीखुशी लिहून घेण्याची गरजही पडत नाही.

चैत्रात ही माणसं परततात. पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा भरते आणि दुसऱ्या दिवशी चुन्याच्या रानात लाखोंचा समुदाय काळ्या जमिनीतून चुनखडीचे खडे वेचतो. पालखी येते, आई राजा उदो उदोचा गजर होतो, आणि मग पालखी आमराईत जाते. त्या खड्यांच्या चुन्यानं देवीचं मंदिर रंगवायची परंपरा आहे. भर उन्हात वाकून केलेलं ते काम, मजुरीशिवाय. पाच महिने ऊस तोडून आलेले हातही त्यात असतात. कष्ट आहेत, मोबदला नाही, हजेरी तर डोळ्यांत भरणारी. आणि तरी त्याला वेठ म्हणण्याचं कुणाच्या मनात येत नाही. कारण त्या रानातून कुणीही, कधीही, एकही खडा न वेचता घरी जाऊ शकतो. श्रमाला वाईट म्हणण्याचा हेतू या पुस्तकात कुठेच नाही, हे सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलं नाही.

आता पुस्तकाच्या रचनेविषयी थोडं. पहिल्या भागात कागद आहेत: उचलीचे करार, त्यांतली कलमं, आणि प्रत्येक कलमाचा कायद्यातला अर्थ. वाचणाऱ्यानं हा भाग तोडकऱ्यांच्या वस्तीत मोठ्यानं वाचून दाखवावा अशी माझी इच्छा आहे, म्हणून भाषा साधी ठेवली आहे. दुसऱ्या भागात विष्टीपासून वारल्यांपर्यंतचा इतिहास जरा सविस्तर येतो; घाई असेल त्यानं तो नंतर वाचला तरी चालेल. तिसरा भाग बायकांचा आहे आणि सगळ्यांत मोठा आहे, कारण कागदावर त्यांना जागाच नव्हती. मुकादमांचं म्हणणं चौथ्या भागात स्वतंत्र दिलं आहे, त्याला उत्तर म्हणून शेजारी काही जोडलेलं नाही. नावं आणि गावं बदलली आहेत, कारण बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पुढच्या दसऱ्याचा कागद अजून व्हायचा आहे. शेवटी एक पान आहे, त्यावर वेठबिगार कायद्याखाली अर्ज कसा करायचा ते दिलं आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करता येतो, त्याला वकील लागत नाही, आणि तो साध्या कागदावर चालतो.